एका टॉवेलचे दोन हिशेब: फायनान्शियल आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग, पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात एक रस्ता पक्का बसलेला असतो: पावती, रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि शेवटी नफा-तोटा पत्रक व ताळेबंद. दोन्ही बाजू जुळल्या की गणित सुटलं. मग बी.कॉम., बीएमएस किंवा बीबीएला मॅनेजमेंट अकाउंटिंग समोर येतं आणि तिथे जुळवायला दोन बाजूच नसतात. ‘ही ऑर्डर घ्यावी का?’ असा सरळ प्रश्न येतो आणि उत्तर कारणासकट द्यावं लागतं. फायनान्शियलला पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंसुद्धा इथे अडखळतात.

‘फरक स्पष्ट करा’चा आठ-दहा मुद्द्यांचा तक्ता पाठ करून हे अडखळणं थांबत नाही. एकच कारखाना डोळ्यांसमोर ठेवून त्याचे तेच आकडे दोन्ही पद्धतींनी मांडले तर फरक आपोआप कळतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे तेच करू. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून बघा.

समजा, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत.

पायरी १: हा कागद कोण वाचणार, ते आधी विचारा

या कंपनीचा हिशेब बाहेरची बरीच माणसं वाचतात. कर्ज दिलेली बँक, प्राप्तिकर खातं, भागधारक, उधारीवर सूत देणारा व्यापारी. यांतलं कोणी कारखान्यात येऊन माग मोजत नाही की गोदामातले गठ्ठे उघडून बघत नाही. त्यांना कागदावरच विश्वास ठेवावा लागतो. त्यांच्यासाठी केलेला हिशेब म्हणजे फायनान्शियल अकाउंटिंग, आपल्या पुस्तकांतलं वित्तीय लेखांकन.

तो विश्वास तुटला तर काय होतं, ते देशाने पाहिलं आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बाहेरच्या वाचकाकडे ते तपासायचं साधन नव्हतं. फायनान्शियल अकाउंटिंगमधले नियम कटकटीचे वाटले की हे उदाहरण आठवा.

दुसरा वाचक आतला असतो: मालक, प्रॉडक्शन मॅनेजर, विक्री बघणारा माणूस. त्यांना कारखाना रोज दिसतो. मार्चअखेरचा ताळेबंद त्यांना आजच्या निर्णयाला पुरत नाही. उद्या सकाळी फोनवर काय दर सांगायचा, कुठला माग बंद करायचा, रंगाई बाहेरून करून घ्यायची की स्वतः करायची, हे त्यांचे प्रश्न. त्यांच्यासाठी मांडलेले आकडे म्हणजे मॅनेजमेंट अकाउंटिंग, म्हणजेच व्यवस्थापकीय लेखांकन.

परीक्षेत गणित समोर आलं की पहिली ओळ वाचून ठरवा: विचारणारा कंपनीच्या आतला आहे की बाहेरचा? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पायरी २: फायनान्शियलची चौकट कुठून येते ते बघा

आपली कंपनी कंपनी कायदा २०१३ खाली येते. कलम १२८ प्रमाणे हिशेब द्विनोंदी पद्धतीने आणि उपार्जित तत्त्वावर (म्हणजे पैसे दिले-घेतले नसले तरी खर्च-उत्पन्न ज्या काळाचं, त्याच काळात धरून) ठेवावे लागतात आणि आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं जपावी लागतात. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाचा नमुना अनुसूची ३ मध्ये ठरलेला आहे. मालमत्तेचं आयुष्य किती धरून घसारा काढायचा, ते अनुसूची २ मध्ये. लेखा मानकं पाळायची असतात आणि वर्षअखेर ऑडिटरने सही करायची असते. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये नोंद बदलली तर कधी आणि काय बदललं याची खूण राहणंही बंधनकारक झालं आहे. टॅलीच्या क्लासला ‘एडिट लॉग’ हा शब्द ऐकला असेल तर तो इथून आला.

मॅनेजमेंट अकाउंटिंगला यातलं काहीच लागू नाही. नमुना नाही, ऑडिट नाही, वर्ष संपायची वाट बघणं नाही. मालकाला रोज संध्याकाळी एका कागदावर तीन आकडे हवे असतील तर तोच त्याचा अहवाल. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नियम नाहीत म्हणून अंदाजपंचे आकडे चालतात, असं मुळीच नाही. इथे चुकलेल्या आकड्याला दंड नसतो, तो थेट धंद्यातून वसूल होतो.

पायरी ३: एक वीजबिल हातात घ्या

या पायरीवर वेळ घालवा, कारण दोन्ही विषय इथे एकमेकांपासून वेगळे होताना दिसतात.

महावितरणचं औद्योगिक जोडणीचं बिल मिळवा. ओळखीतल्या कोणाच्या पिठाच्या गिरणीचं किंवा वर्कशॉपचं असलं तरी चालेल. त्यात एकच रक्कम नसते. मागणी आकार किंवा स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात.

फायनान्शियलसाठी काम सोपं आहे. वीज खर्च खातं नावे, महावितरण खातं जमा, पूर्ण बिलाची एक नोंद. मार्चचं बिल एप्रिलमध्ये आलं तरी तो खर्च मार्चचाच धरायचा, एवढी काळजी घेतली की झालं.

मॅनेजमेंट अकाउंटंट तेच बिल घेऊन विचारतो, यातलं काय माग थांबले तरी येणार आहे? मागणी आकाराचा बराचसा भाग येणारच. वीज आकार आणि वहन आकार मात्र जळलेल्या युनिटवर असतात, म्हणून टॉवेल वाढले की ते वाढतात. म्हणजे एकाच बिलातला काही भाग स्थिर खर्च आणि काही भाग बदलता खर्च. पुस्तकात याला निमबदलता खर्च म्हणतात. पुढचं ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा अशी विक्री), ऑर्डरचा निर्णय, बजेट, सगळं या वाटणीवर उभं राहतं. टॅलीत कॉस्ट सेंटर चालू केलं असेल तर तीच व्हाउचर टाकताना किती रक्कम विणाई विभागाची, किती रंगाईची हेही भरता येतं. नोंद एकच, पण पुढे ती दोन वेगळ्या अहवालांत जाते.

ही वाटणी नवी नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड १७७२ च्या मंदीत अडचणीत आला, तेव्हा त्याने स्वतःचे खर्च खोदून काढले. साचे, भाडं, हिशेबनिसांचे पगार यांसारखे कितीतरी खर्च भांडी कमी केली तरी तेवढेच राहतात, हे त्याला तेव्हा उमगलं. द्विनोंदी पद्धत त्याआधी जवळजवळ तीन शतकं छापील पुस्तकात होती. लुका पाचोलीचा ग्रंथ व्हेनिसमध्ये १४९४ साली छापला गेला. नीट जुळलेल्या वह्या असूनही हा प्रश्न वेगळा विचारावाच लागला.

पायरी ४: टॉवेलचे आकडे मांडा

महिन्याची साधारण क्षमता १०,००० टॉवेल. सध्या ८,००० बनतात आणि १५० रुपये दराने सगळे विकले जातात.

एका टॉवेलचा बदलता खर्च: सूत ६०, रंगाई आणि प्रोसेसिंग १४, नगावर दिली जाणारी विणाईची मजुरी १३, वीज ६, पॅकिंग ३. एकूण ९६ रुपये.

कारखान्याचा दरमहा स्थिर खर्च: शेडचं भाडं ५०,०००, जॉबर (मागांवर देखरेख करणारा मुकादम) आणि सुपरवायझरचे पगार ९०,०००, मागांचा घसारा ४५,०००, विजेचा मागणी आकार १५,०००. एकूण २,००,०००.

ऑफिसचे पगार आणि इतर खर्च ४०,०००, बँकेचं व्याज ४०,०००. हे आणखी ८०,०००.

आता विक्री १२,००,००० मधून बदलता खर्च ७,६८,००० वजा करा. उरले ४,३२,०००. याला अंशदान म्हणतात, वर्गात सगळे काँट्रिब्युशनच म्हणतात. त्यातून स्थिर खर्च २,८०,००० गेला की नफा १,५२,०००.

एका टॉवेलमागे अंशदान ५४ रुपये. २,८०,००० ला ५४ ने भागा: ५,१८५ पूर्ण आणि थोडं वर. म्हणजे ५,१८६ वा टॉवेल विकेपर्यंत कंपनी तोट्यात. हाच तिचा ब्रेक-इव्हन. अनुसूची ३ च्या नमुन्यात हा आकडा कुठेच सापडणार नाही, कारण तिथे खर्च कच्चा माल, कर्मचारी, व्याज, घसारा असे प्रकारानुसार येतात. ते स्थिर की बदलते, हे तिथे कोणी विचारत नाही.

पायरी ५: ऑर्डर घ्यायची की नाही?

एक हॉटेलवाला १,५०० टॉवेल मागतो, पण दर १२० रुपयेच देतो.

फक्त फायनान्शियल शिकलेला विद्यार्थी एकूण खर्चाला नगांनी भागतो. ९६ अधिक २,८०,००० भागिले ८,०००, म्हणजे ९६ अधिक ३५, एकूण १३१. टॉवेल १३१ ला पडतो आणि १२० ला विकायचा, म्हणजे नगामागे ११ रुपये तोटा. उत्तर: ऑर्डर नाकारा.

आता मॅनेजमेंटचा प्रश्न विचारा. ही ऑर्डर घेतल्याने काय बदलेल? भाडं बदलणार नाही, सुपरवायझरचा पगार बदलणार नाही, व्याजही तेवढंच. क्षमता १०,००० ची आहे, ९,५०० सहज बसतात. म्हणजे नगामागे वाढणारा खर्च फक्त ९६. १२० मधून ९६ गेले, २४ उरले. १,५०० नगांचे ३६,००० रुपये जास्तीचे. महिन्याचा नफा १,८८,००० होईल. पडताळून बघा: विक्री १३,८०,०००, बदलता खर्च ९,१२,०००, स्थिर २,८०,०००.

बरेचजण इथेच थांबतात. थांबू नका. हॉटेलवाल्याने ३,००० मागितले तर? आता क्षमता १,००० ने कमी पडते, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे १,००० टॉवेल सोडावे लागतील. त्यांच्यावर मिळणारं अंशदान ५४,००० जाईल. नव्या ऑर्डरचं अंशदान ७२,०००. निव्वळ वाढ फक्त १८,०००, आणि तीही जुन्या गिऱ्हाइकांना नाराज करून. त्यातल्या एखाद्याला १२० चा दर कळला तर तो पुढच्या वेळी तोच मागणार. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहा. आकडा बरोबर असला तरी निर्णय आकड्यापाशी संपत नाही, हे परीक्षकाला दिसलं पाहिजे.

आणि १३१ चा आकडा खोटा नाही. वर्षभराचा सर्वसाधारण दर ठरवताना सगळे खर्च भरून निघालेच पाहिजेत. प्रत्येक ऑर्डर ‘९६ च्या वर आहे ना’ म्हणत घेत गेलात तर भाडं कोण भरणार?

पायरी ६: गोदामातला माल आणि वाढलेला नफा

ही पायरी अवघड आहे. सावकाश करा.

समजा एका महिन्यात कंपनीने १०,००० टॉवेल विणले पण विकले ८,०००. २,००० गोदामात राहिले. त्यांची किंमत किती धरायची?

लेखा मानक २ सांगतं की मालसाठ्यात कारखान्याचा स्थिर खर्चही धरायचा आणि तो साधारण क्षमतेच्या हिशेबाने वाटायचा. २,००,००० भागिले १०,०००, म्हणजे टॉवेलला २० रुपये. ऑफिसचा खर्च आणि व्याज त्यात येत नाही. म्हणून साठ्यातल्या टॉवेलची किंमत ९६ अधिक २०, म्हणजे ११६. (बाजारात त्याहून कमी मिळणार असेल तर तो कमी आकडा धरायचा.)

नफा काढा. ८,००० नगांवर प्रत्येकी १५० वजा ११६, म्हणजे ३४. एकूण २,७२,०००. त्यातून ८०,००० गेले, राहिले १,९२,०००.

मॅनेजमेंट अकाउंटंट सीमांत पद्धतीने काढतो. स्थिर खर्च पूर्णच्या पूर्ण त्याच महिन्यात टाकतो. त्याचा नफा १,५२,०००.

विक्री तीच, दर तोच, गिऱ्हाईक तेच, तरी नफ्यात ४०,००० चा फरक. हे ४०,००० म्हणजे न विकलेल्या २,००० टॉवेलांना चिकटून पुढच्या महिन्यात गेलेला स्थिर खर्च. कंपनीने ८,०००च विणले असते तर मानक २ प्रमाणे न वापरलेल्या क्षमतेचे हे ४०,००० त्याच काळात खर्च पडले असते आणि दोन्ही पद्धतींचा नफा १,५२,००० आला असता. म्हणजे नुसता माल बनवून गोदामात टाकला तरी पहिल्या पद्धतीत नफा वाढलेला दिसतो. ज्याचा बोनस नफ्यावर ठरतो त्या मॅनेजरला हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून मालकाने दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे असतात. कोणाच्याही वार्षिक अहवालात विक्री थांबलेली आणि मालसाठा फुगलेला दिसला, तर नफ्याच्या आकड्यावर लगेच समाधान मानू नका.

पायरी ७: ठरवलं काय आणि झालं काय

हे थोडक्यात. एका टॉवेलला पाव किलो सूत, किलोला २४० रुपये, असं आधी ठरवलेलं प्रमाण. ८,००० टॉवेलांना २,००० किलो, म्हणजे ४,८०,०००. प्रत्यक्षात २,०८० किलो लागलं आणि दर पडला २४५. खर्च ५,०९,६००.

नफा-तोटा पत्रकात ५,०९,६०० येतील, बस्स. मॅनेजमेंट अकाउंटिंग २९,६०० चा फरक फोडून दाखवतं: दर वाढल्यामुळे २,०८० गुणिले ५, म्हणजे १०,४००, सूत जास्त लागल्यामुळे ८० गुणिले २४०, म्हणजे १९,२००. पहिल्याचा जाब खरेदी विभागाला, दुसऱ्याचा मागावर. मालक सूत महाग झालं म्हणून चडफडत असेल, पण दोन-तृतीयांश नुकसान वाया गेलेल्या सुताचं आहे.

पायरी ८: दोन्ही विषय जिथे भेटतात

तक्त्यात दोघांमध्ये एक सरळ उभी रेघ असते. प्रत्यक्षात ती काही ठिकाणी पुसट आहे आणि वरच्या वर्गात हेच विचारतात.

कंपनी कायद्याच्या कलम १४८ खाली काही उद्योगांना खर्चाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. कापड उद्योग त्या यादीत आहे. ३५ कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असेल तर ही सक्ती येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सूट आहे. म्हणजे ‘आतला हिशेब ऐच्छिक असतो’ हे वाक्य सरसकट लिहिलं तर अर्धवट ठरतं.

दुसरं, मोठ्या कंपन्यांना लागू असणारं इंड एएस (भारतीय लेखा मानक) १०८. व्यवसायाचे विभाग कसे दाखवायचे, ते या मानकाप्रमाणे कंपनीचे वरिष्ठ आत ज्या अहवालांवरून निर्णय घेतात त्यावर ठरतं. आतला कागदच इथे बाहेरच्या वाचकापर्यंत पोचतो.

पायरी ९: अभ्यास कसा करायचा

क्रम उलटा करू नका. आधी फायनान्शियल पक्कं करा, कारण मॅनेजमेंटचा बहुतेक कच्चा माल तिथूनच येतो. घसारा म्हणजे काय हे कळलं नसेल तर ऑर्डरच्या निर्णयात तो का सोडून द्यायचा, हेही कळणार नाही.

मॅनेजमेंटचं गणित सोडवताना सूत्र शोधण्याआधी प्रत्येक खर्चापुढे एक अक्षर लिहा: ‘ब’ म्हणजे हा निर्णय घेतल्याने बदलणारा, ‘न’ म्हणजे न बदलणारा. सूत्र चुकलं तर निदान पायऱ्यांचे गुण मिळतात. खर्चच चुकीच्या बाजूला गेला तर पुढचं सगळं वाया जातं. उत्तराच्या शेवटी सल्ला लिहा, पूर्ण वाक्यात, कारणासकट.

फरकाचा प्रश्न आला तर दहा मुद्दे भराभर लिहिण्यापेक्षा पाच लिहा आणि प्रत्येकाला टॉवेलसारखं एक उदाहरण जोडा. वाचक, कायद्याची सक्ती, काळ, तपशील आणि आकड्यांमागचा हेतू, एवढे पुरतात. ‘फायनान्शियल भूतकाळाचं, मॅनेजमेंट भविष्याचं’ हे वाक्य प्रत्येक गाइडमध्ये असतं, पण वर पायरी ७ मध्ये आपण मागच्याच महिन्याचा हिशेब केला. तेव्हा ते जपून वापरा.

पुढचं शिक्षण निवडताना नावांवर जाऊ नका. सीए (चार्टर्ड अकाउंटंट) संस्था १९४९ च्या कायद्याने उभी आहे आणि सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) संस्था १९५९ च्या. पहिलीची ओळख ऑडिट आणि करांची, दुसरीची खर्च आणि व्यवस्थापनाची. दोन्हीकडे दोन्ही विषय शिकावे लागतात.

शेवटी एक काम. कॉलेजजवळच्या मेसवाल्या काकूंकडे किंवा वडापावच्या गाडीवाल्या दादांकडे गर्दी नसताना जा. ‘नफा किती होतो?’ असं विचारू नका, कोणी नीट सांगणार नाही. गाडी बंद असलेल्या दिवशीही कोणते खर्च होतात ते विचारा आणि एका वड्याला काय काय लागतं ते विचारा. त्यावरून रोज किती वडापाव विकले की खर्च निघतो, ते काढा. मग त्यांनाच ते सांगा आणि त्यांना पटतं का बघा. बहुतेक वेळा एक आकडा राहून गेलेला असेल: त्यांची स्वतःची मजुरी. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाने घरी नेलेले पैसे वित्तीय हिशेबात उचल धरले जातात, खर्च नाही. पण दुसरीकडे कामाला गेले असते तर जे मिळालं असतं, ते मॅनेजमेंटच्या हिशेबात धरावंच लागतं. तो आकडा घालून ब्रेक-इव्हन पुन्हा काढा.